अफलातून-फ्री मिरची आणि स्पोकन इंग्लिशचा क्लास

पाचपैकी साडेतीन स्टार. क्लासचं नाव लिहीत नाही. नंदुरबार एवढंसं गाव, सर भाजीबाजारात भेटतात, आणि माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. पण फी भरायच्या आधी हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं, म्हणून लिहायला बसले. तीन महिन्यांचे ४,५०० रुपये, झेरॉक्स पुस्तकाचे ३०० वेगळे. पैसे मी भरले, शिकायला नवरा गेला.

नवरा गुजराती. व्याऱ्याचा. माझी इथे हायस्कूलात नोकरी, त्यामुळे लग्नानंतर मी तिकडे नांदायला गेले नाही; तोच इकडे आला आणि माझ्या वडिलांच्या मिरचीच्या धंद्यात बसला. व्यारा आणि नंदुरबारच्या मधे नवापूर स्टेशन लागतं. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, आणि गाडीची घोषणा चार भाषांत. आमचं घर तसंच चालतं. आई अहिराणी बोलते, मी मराठी, तो गुजराती, आणि भांडण पेटलं की आम्ही दोघं हिंदीत. तसं नंदुरबारला गुजराती काही नवी नाही. ९ सप्टेंबर १९४२ च्या ज्या मिरवणुकीत शाळकरी शिरीषकुमार मेहता गोळ्यांना सामोरा गेला, तिच्यातली 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमी भारतनु' ही घोषणासुद्धा गुजरातीच. तेव्हा गुजराती बोलतो म्हणून इथे कुणी कुणाला हसत नाही. हसतात ते इंग्रजीला.

इंग्रजीची गरज पडली ती मिरची बाहेरदेशी पाठवायचं ठरलं तेव्हा. इथल्या इथे हिंदीवर भागतं. पण मसाला बोर्डाचं मुख्यालय कोचीला, त्यांची परिपत्रकं इंग्रजीत, लॅबचा रिपोर्ट इंग्रजीत, आणि दुबईत खरेदी पाहणारा माणूस मल्याळी. त्याचं हिंदी बेताचं, याचं मल्याळम शून्य. मग दोघांच्या मधे उरली इंग्रजी.

नवऱ्याचं इंग्रजी कसं आहे ते सांगितल्याशिवाय क्लासबद्दल काही कळणार नाही. 'होलमध्ये बसा, स्नेक्स येत आहेत' हा गुजरात्यांवरचा विनोद व्हॉट्सॲपवर फिरून फिरून शिळा झालाय. माझ्या घरात तो चालताबोलता आहे. भावाचे पुण्याचे साहेब सपत्नीक आले होते, बाई बंगाली. यानं दारातच हात जोडून सांगितलं, "प्लीज सिट इन होल, स्नेक्स आर कमिंग." बाईंनी चप्पल काढता काढता परत पायात घातली. गुजरातीत इंग्रजी शब्द बोलताना 'ॲ'चा 'ए' होतो आणि 'ऑ'चा 'ओ'. सुरतेत पाटीवरसुद्धा 'बेंक' असंच लिहिलेलं दिसेल. आपण मराठी माणसं डोक्यावर चंद्र काढून ॲ आणि ऑ लिहितो, म्हणून बँक आणि हॉल आपल्याला फुकटात जमतात. त्यात आपली हुशारी काही नाही.

पण ते उच्चार सोडा. खरी मजा त्याच्या धंद्याच्या इंग्रजीत आहे. सगळा व्यापार डोक्यात गुजरातीत चालतो आणि तोंडातून इंग्रजीत बाहेर पडतो. "मार्केट हॅज सॅट डाऊन" म्हणजे भाव बसले. "इट विल फॉल टू यू इन टू हंड्रेड टेन" म्हणजे तुम्हाला २१० ला पडेल. "आय विल थ्रो सॅम्पल टुडे ओन्ली" म्हणजे नमुना आजच कुरिअरला टाकतो. एका पार्टीनं पैसे बुडवले, तर तिच्याबद्दल दुबईला सांगितलं, "ही एट माय फोर लॅक्स, स्टिल ही इज हंग्री."

आणि देठ. बिनदेठाच्या मिरचीला भाव वेगळा मिळतो, कारण देठ खुडायला मजुरी लागते. आमच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर, हंगामात बायका ओळीनं बसून दिवसभर हेच काम करतात. याला देठाचा इंग्रजी शब्द आठवेना, तर यानं तिथल्या तिथे पाय काढला. पथारीच्या मधोमध उभा, दोन्ही बाजूंना लाल मिरचीचे पट्टे, फोन स्पीकरवर, आणि ओरडून सांगतोय, "सर, विथ लेग वन रेट, विदाऊट लेग अनदर रेट. ऑल माय लेडीज आर कटिंग लेग फ्रॉम मॉर्निंग!" 'लेडीज' एवढंच बायकांना कळलं. सगळ्यांचे हात थांबले. एकीनं मला विचारलं, "काय सांगी ऱ्हायनात शेठ?" मी म्हटलं, तुमचं कौतुक चाललंय.

यातली गंमत अशी की मल्याळी साहेबाला ते बरोब्बर कळलं. पुढच्या ऑर्डरच्या मेलमध्ये त्यांनीच लिहिलं होतं, 'विदाऊट लेग'.

मात्र अफलातूननं आम्हाला घाम फोडला. मिरची नीट वाळली नाही, ओल राहिली, की बुरशी धरते आणि तिच्यातून अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. बाहेरदेशी पहिली चौकशी त्याचीच. युरोपात तर मिरचीला एकूण १० मायक्रोग्रॅम प्रति किलो एवढीच मुभा आहे. हे सगळं नवऱ्याला तोंडपाठ. फक्त त्या शब्दाशी त्याचं जमेना. व्हिडिओ कॉलवर तीन जण कोट घालून बसलेले, आणि हा छातीवर हात ठेवून सांगतोय, "सर, माय चिली इज हंड्रेड पर्सेंट अफलातून-फ्री. यू विल नॉट फाइंड एनीथिंग अफलातून इन माय गोडाऊन." मी पलीकडच्या खोलीत दहावीचे पेपर तपासत होते. तोंडात पदर कोंबून बसले. त्या कॉलनंतर मी ठरवलं की याला क्लासला घालायचं.

आधी मोबाइलवरचं फुकटचं ॲप करून पाहिलं. त्यात मुलगा सफरचंद खातो, मुलगी दूध पिते, मांजर टेबलाखाली बसतं. नवरा म्हणाला, "आमां कोई वेपार करतो ज नथी." यात कुणी धंदाच करत नाही. ॲप काढून टाकलं.

आता क्लास. मेडिकलच्या वरती दुसरा मजला, जिना अरुंद, पावसाळ्यात छत्री मिटायला जागा नाही. हाताला फळी असलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. नवरा त्यात बसतो कसाबसा, उठताना खुर्ची बरोबर येते. इन्व्हर्टर आहे, पंखे चांगले. डेमो लेक्चरला घरचं माणूस बसू शकतं, म्हणून मी बसले. बॅचमध्ये नर्सिंगच्या मुली, स्पर्धा परीक्षेची मुलं, बँकेत नव्यानं लागलेला एक, आणि आमचे हे. सरांचा आवाज खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत न ओरडता पोचतो. मीही शिकवते, म्हणून मला याची किंमत कळते. वेळेवर येतात, मोबाइल बघत नाहीत, कुणी गैरहजर राहिलं तर स्वतः फोन करतात. इथपर्यंत पाचपैकी पाच.

वांधा पुस्तकात आहे. त्याचं नाव '१०० कॉमन मिस्टेक्स', आणि सरांचा अर्धा कोर्स त्यावरच. 'गुड नेम' म्हणू नका, 'कझिन ब्रदर' म्हणू नका, 'डिस्कस अबाऊट' म्हणू नका. काही बरोबर आहे. काही उगीच आहे. 'प्रीपोन' हा शब्द म्हणे चूक. अहो सर, तो ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे, आणि आपल्याकडे मीटिंग अलीकडे घ्यायची तर दुसरं म्हणणार तरी काय? मी हे डेमोच्या दिवशी विचारलं. सर म्हणाले, "मॅडम, फॉरेनरला कळणार नाही." आमचा फॉरेनर त्रिशूरचा आहे. त्याला सगळं कळतं.

उच्चाराचा तास मात्र मला अजिबात पटला नाही, आणि त्याचाच एक स्टार कापला. सरांनी नवऱ्याला उभं केलं आणि 'हॉल' म्हणायला लावलं. होल. "नाही शेठ, तोंड उघडा. हॉल." होल. परत. परत. पोरं आधी तोंड दाबून हसत होती, मग उघड हसायला लागली. दुकानात दहा माणसांना हुकूम सोडणारा चाळिशीचा माणूस फळ्यासमोर 'होल, होल' करत उभा. घरी येऊन काही बोलला नाही. पण त्या आठवड्यात दुबईचे फोन त्यानं घेतले नाहीत, मेसेज टाइप करत बसला. हॉलचा होल झाल्यानं आमची एक गोणी कधी अडली नव्हती. हसण्यामुळे अडली. मी सरांना शांतपणे सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तसं केलं नाही, हेही लिहायला हवं.

राहिलेला अर्धा स्टार कापला तो जे शिकवलंच नाही त्यासाठी. उच्चाराची चूक हसण्यावारी जाते, काळाची आणि आकड्यांची चूक थेट खिशात जाते. नेमकं तिथे पुस्तक गप्प.

उदाहरण देते. गुजरातीत 'काले' हा शब्द दोन्हीकडे चालतो. गेलेला दिवस की येणारा, ते क्रियापदावरून समजायचं. (मराठीनं फार ऐट करू नये. 'परवा' म्हटलं की आपलंही तेच.) आता इंग्रजीत याचं क्रियापदच डळमळीत, मग धरायचं कशाला? यानं दुबईला सांगितलं, "सॅम्पल आय सेंट टुमारो." पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या भल्या माणसानं अतिशय सभ्यपणे विचारलं, "मिस्टर, दिस टुमारो इज अ गॉन टुमारो ऑर अ कमिंग टुमारो?" नवरा म्हणाला, "कमिंग, सर. गॉन वन इज ओव्हर." त्यावर तोडगाही साहेबांनीच काढला: यापुढे फक्त तारीख बोलायची आणि महिना नावानं सांगायचा, आकड्यानं नाही. 'पाच-सहा' म्हटलं की कुणी ५ जून समजतं, कुणी ६ मे. क्लासच्या तीन महिन्यांत जे आलं नाही ते त्या एका फोनमध्ये आलं.

आकड्यांचं तसंच. शंभर किलो ओली मिरची वाळवली की पंचवीस-तीस किलो हातात येते. हे समजावताना नवऱ्याचं वाक्य इतकं सुंदर होतं की मी ते डायरीत उतरवून ठेवलंय: "हंड्रेड केजी चिली गोज टू सन, सन ईट्स सेव्हंटी, थर्टी केजी कम्स बॅक टू मी." फक्त फोनवर 'थर्टी'चं 'थर्टीन' ऐकू गेलं. साहेबांना वाटलं, हा माल जाळतो की काय. शंभरातून सत्तर गेले तर तीसच उरणार, एवढी वजाबाकी फोन खरखरत असताना कोण करतं! आता तो 'थ्री झीरो' म्हणतो. त्यातलं 'झीरो' झाडाच्या झ-नं सुरू होतं, पण कुणाचं काही बिघडत नाही. दीडशे गोण्यांना 'वन अँड हाफ हंड्रेड' म्हणायचा, तेही सुटलं. गुजरातीत दोढसो, मराठीत दीडशे, इंग्रजीनं दीड आणि अडीच ठेवलेच नाहीत त्याला तो तरी काय करणार. सरांनी खरं तर व्यापाऱ्यांची वेगळी बॅच काढावी. तारखा, आकडे, वजनं, भाव मोडणं, उधारी मागणं. नंदुरबारात अशी बॅच आठ दिवसांत भरेल.

आता तीन स्टार का दिले ते.

एक, जोडीनं बोलण्याचा तास. शेवटची वीस मिनिटं दोघा-दोघांना समोरासमोर बसवतात आणि सर चक्क बाहेर जिन्यात जाऊन उभे राहतात. नवऱ्याच्या वाट्याला धडगावकडची एक नर्सिंगची मुलगी आली. घरी पावरी बोलणारी, शाळेत मराठी शिकली, हॉस्टेलवर हिंदी, आता ही चौथी भाषा. तिला लाज म्हणून माहीत नाही. शब्द अडला की हातानं करून दाखवते, पुढे जाते. तिनं 'काका'ला मिरचीवर उलटसुलट विचारलं: "व्हाय यू पुट ऑन ग्राउंड? डॉग नॉट कम? रेन कम देन व्हॉट?" हा उत्तरं देत गेला. अवकाळी पावसात पथारीवर ताडपत्री ओढायला रात्री सगळं घर कसं धावतं ते त्यानं तिला इंग्रजीत सांगितलं, आणि घरी आल्यावर तेच मला परत इंग्रजीत सांगितलं. त्यानंतर दुबईचे फोन पुन्हा सुरू झाले. त्या मुलीचे पैसे सरांनी आम्हाला लावले असते तरी मी दिले असते.

दुसरं, रात्रीची व्हॉइस नोट. ग्रुपवर विषय येतो, एक मिनिट बोलून पाठवायचं. आमच्याकडे हा कार्यक्रम गच्चीवर चालतो, खाली ओट्यावर आई ऐकत असते आणि विचारते, "जवाई काय बोली ऱ्हायनात?" एकदा विषय होता 'माय बेटर हाफ'. त्याची नोट जशीच्या तशी देते.

"गुड इव्हनिंग सर. माय वाइफ इज सायन्स टीचर. होल डे शी इज शाउटिंग इन स्कूल सो इन हाउस शी इज हेविंग लेस बॅटरी. शी इज लाफिंग ऑन माय इंग्लिश बट शी इज पेइंग माय फी. हर मधर इज गिव्हिंग मी शेव-भाजी व्हेरी स्पायसी, आय ॲम चिली मर्चंट स्टिल आय क्राय. सर, बुक इज सेइंग बेटर हाफ. आय डोन्ट ॲग्री. शी इज नॉट हाफ. शी इज माय होल. थँक यू सर."

ग्रुपवर दोन मिनिटं सामसूम. मग सरांनी विचारलं, "शेठ, हॉल की होल?" नवऱ्यानं परत पाठवलं, "सर, व्हिच इज फुल." सरांनी अंगठा दिला. पुस्तकातल्या शंभर चुकांत ही बसत नाही, कारण या एका जागी त्याचा 'ओ' तंतोतंत बरोबर होता. मी ती नोट जपून ठेवली आहे, आणि नाही, कुणाला फॉरवर्ड करणार नाही.

तिसरा स्टार सरांच्या स्वभावाचा. चुकलं तर ऐकून घेतात. 'अफलाटॉक्सिन' त्यांनाही आधी येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तुकडे पाडून लिहिलं, सगळ्या बॅचकडून म्हणून घेतलं. नर्सिंगच्या मुलींना ते उपयोगाचं निघालं. नवऱ्याला आता बरोबर येतं, पण तो मुद्दाम अफलातून म्हणतो, कारण साहेबांना आवडतं. दर कन्साइनमेंटला त्यांचा मेसेज येतो: "रिपोर्ट अफलातून?"

कुणी जावं? ज्याचं तोंडच उघडत नाही त्यानं डोळे झाकून जावं. ज्याला ठरावीक कामासाठी इंग्रजी हवं, दुकान, एक्सपोर्ट, बँक, त्यानं आधीच सरांना आपले कागद दाखवावेत आणि 'हे शिकवाल का' असं स्पष्ट विचारावं. नाहीतर तीन महिने कझिन ब्रदरमध्ये जातील. ज्याला पोराच्या शाळेत मुलाखत द्यायचीय त्याला पुस्तक पुरेल, ३०० रुपयांत सुटा.

बॅच सकाळी ७ आणि रात्री ८ ला. रात्रीची घ्या, सकाळी जिना झाडायला बाई आलेल्या असतात आणि वर सोडत नाहीत. गाडी मेडिकलसमोर लावू नका. मिरचीवाल्यांनी तर दिवाळी ते होळी या काळात नावच घालू नये. ओल्या मिरचीची आवक सुरू झाली की रात्री ८ ला कुणी मोकळं नसतं, आणि बुडालेले तास सर भरून देत नाहीत. पावसाळ्यातली बॅच बरी. ॲडव्हान्स लेव्हलचे ६,००० सांगतात. नवरा कमी करून घ्यायला गेला होता. "सर, मेक इट सिट इन फाइव्ह," म्हणाला. सरांनी वाक्य दुरुस्त केलं आणि भाव तोच ठेवला.